डोंगरातली सपाटी कोणाची?

घाटातल्या अरुंद दरीतून एसटीने जाताना एक गोष्ट तुमच्या नजरेस आली असेल. दोन्ही बाजूंना उभे चढ असतात, मधून नदी वाहते आणि नदीच्या काठाने अधूनमधून एखादा सपाट तुकडा लागतो. घर, दुकान, देऊळ, शाळा, जे काही असेल ते नेमके त्या तुकड्यावर असते. रस्ताही तिथूनच जातो. तसे होणे साहजिकच आहे, कारण बांधायला दुसरी सपाट जागा डोंगरात असतेच कुठे?

आता एक प्रश्न स्वतःला विचारा. सगळा डोंगर उतरता असताना हा तुकडाच सपाट कसा झाला?

तो नदीने केला. पूर आला की पाणी पात्राबाहेर पसरते. पसरले की त्याचा वेग मंदावतो आणि वेग मंदावला की बरोबर आणलेले गोटे, वाळू आणि गाळ ते तिथेच टाकून देते. अशा शेकडो पुरांनी थरावर थर रचून ही सपाटी घडवली. भूगोलाच्या पुस्तकात तिला 'पूरमैदान' म्हटले आहे. गावाबाहेरचे जत्रेचे मैदान वर्षातले बहुतेक दिवस रिकामे असते. म्हणून ते कोणाचेच नाही असे आपण म्हणत नाही. पूरमैदानाचेही तसेच आहे. ते नदीचे आहे. नदी ते रोज वापरत नाही, इतकेच.

मग अशा जागेवर माणसाने घर बांधावे की नाही? बांधायचे तर कोणत्या अटींवर? आणि नदीची हद्द कोठे संपते हे ठरवायचे कोणी? अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावर, लॅरिमर आणि बोल्डर या शेजारशेजारच्या दोन काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. या दोन डोंगरी काउंट्यांनी हे प्रश्न मोठी किंमत देऊन सोडवायला घेतले. त्यांची हकीकत जाणून घेण्याजोगी आहे, कारण तिच्यात माणसांचे जीव आहेत आणि तुमच्या पुस्तकातले भौतिकशास्त्रही आहे.

३१ जुलै १९७६ ची रात्र

लॅरिमर काउंटीत बिग थॉम्प्सन नावाची नदी एका अरुंद घळईतून वाहते. एस्टेस पार्क या गावापासून घळईच्या तोंडापर्यंत सुमारे ४० किलोमीटर अंतरात ती जवळजवळ ७०० मीटर खाली उतरते. नदीच्या कडेकडेने रस्ता आहे आणि रस्त्याच्या कडेला घरे, खाणावळी, तंबू ठोकण्याच्या जागा.

३१ जुलै १९७६ हा शनिवार होता. दुसऱ्या दिवशी कोलोरॅडो राज्याला शंभर वर्षे पूर्ण होणार होती, त्यामुळे घळई सुटीसाठी आलेल्या लोकांनी भरली होती. संध्याकाळी घळईच्या वरच्या भागावर एक गडगडाटी ढग येऊन थांबला. नेहमी असे ढग वाऱ्याबरोबर पुढे सरकतात. त्या दिवशी वरच्या थरातला वारा मंद होता, म्हणून ढग हलला नाही. काही तासांत काही ठिकाणी सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस कोसळला. मुंबईकरांना हा आकडा फार मोठा वाटणार नाही. पण तिथे एवढा पाऊस पडायला वर्षाचा मोठा भाग लागतो. शिवाय उघड्या खडकाचे तीव्र उतार पाणी शोषत नाहीत. पडलेले पाणी सरळ खाली येते.

घळईच्या तोंडाशी त्या रात्री सेकंदाला सुमारे ८८३ घनमीटर पाणी वाहत होते. १४४ माणसे दगावली. त्यांत लोकांना सावध करण्यासाठी घळईत शिरलेले दोन पोलीसही होते. ४०० पेक्षा अधिक घरे नाहीशी झाली.

मृतांपैकी बरेच जण मोटारीत बसून पाण्याच्या पुढे पळू पाहत होते. जे मोटार तिथेच सोडून डोंगराचा चढ चढून गेले, त्यांतले बहुतेक वाचले. तीस-चाळीस पावले वर एवढेच अंतर होते. आज त्या घळईत रस्त्याच्या कडेला पाट्या आहेत. अचानक पूर आला तर उंचावर चढा, असे त्यांवर सांगितले आहे.

पाण्यात एवढे बळ येते कोठून?

एखाद्या ठिकाणाहून दर सेकंदाला जेवढे पाणी जाते त्याला 'विसर्ग' म्हणतात. प्रवाहाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ गुणिले वेग म्हणजे विसर्ग. ८८३ घनमीटर पाणी एक किलोमीटर रुंद मैदानावरून सेकंदाला १ मीटर वेगाने गेले, तर त्याची खोली एक मीटरहूनही कमी, सुमारे ८८ सेंटिमीटर भरेल. तेच पाणी समजा ४० मीटर रुंद घळईतून सेकंदाला ६ मीटर वेगाने निघाले, तर खोली सुमारे ३.७ मीटर होईल. मैदानी पूर पसरतो आणि सावकाश चढतो. डोंगरातला पूर उंच होतो आणि धावतो.

धावण्याचा परिणाम आणखी मोठा आहे. वाहत्या पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला ३ मीटर वेगाचे पाणी एक चौरस मीटर भिंतीवर ढोबळ मानाने ४,५०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ साडेचार क्विंटल वजनाइतका जोर लावते. वेग ६ मीटर झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो.

आता दगडांचे पाहू. दगडावर पाण्याचा जोर वेगाच्या वर्गावर आणि दगडाच्या पृष्ठभागावर, म्हणजे त्याच्या लांबीच्या वर्गावर अवलंबून असतो. त्याचे वजन मात्र लांबीच्या घनावर अवलंबून असते. दोन्ही समान मांडून पाहा. पाणी हलवू शकेल अशा दगडाची लांबी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात येते आणि त्याचे वजन वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात! म्हणजे वेग दुप्पट झाला की हलवता येणाऱ्या दगडाचे वजन दोनाचा सहावा घात, म्हणजे ६४ पट होते. बिग थॉम्प्सनच्या पुरात मोटारीहून मोठे दगड गडगडत गेले, ते याच हिशेबाने.

आणि मोटार? तिचा तळ ४ मीटर लांब व १.६ मीटर रुंद धरा. तो २० सेंटिमीटर पाण्यात बुडला की १.२८ घनमीटर पाणी बाजूला सारले जाते. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे पाण्याचा वरचा रेटा सुमारे १,२८० किलोग्रॅम वजनाइतका होतो. लहान मोटारीचे वजन जवळपास तेवढेच असते. चाके जमिनीवरून सुटू लागली की ब्रेकचा उपयोग नाही आणि चक्राचाही नाही. पाटीवर 'वेगाने चालवा' न लिहिता 'चढा' असे का लिहिले, ते यावरून कळेल.

शंभर वर्षांचा पूर

पूर ओसरल्यावर लॅरिमर काउंटीपुढे प्रश्न आला: लोकांना त्याच जागी पुन्हा बांधू द्यायचे का? त्यासाठी आधी नदीची हद्द ठरवायला हवी. पण कोणत्या पुराची हद्द? लहान पूर दरवर्षी येतात, मोठे क्वचित. कुठेतरी बोट ठेवावेच लागते.

अमेरिकेत १९६८ साली राष्ट्रीय पूरविमा कायदा झाला. त्याच्या व्यवस्थेत बोट ठेवले आहे ते ज्याची संभाव्यता कोणत्याही एका वर्षात १ टक्का आहे अशा पुरावर. यालाच 'शंभर वर्षांचा पूर' म्हणतात. या नावाने फार घोटाळा केला आहे. एकदा येऊन गेला, आता शंभर वर्षे काळजी नाही, असे लोक समजतात. ते चूक आहे.

एका पिशवीत ९९ पांढऱ्या आणि एक तांबडी गोटी ठेवा. दरवर्षी न पाहता एक गोटी काढा आणि ती पुन्हा पिशवीत टाका. या वर्षी तांबडी निघाली म्हणून पुढच्या वर्षी ती निघणार नाही असे पिशवी कोठे म्हणते? तीस वर्षे सतत पांढरीच निघण्याची संभाव्यता ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ०.७४. याचा अर्थ, तीस वर्षांत निदान एकदा तांबडी निघण्याची शक्यता २६ टक्के. घराचे कर्ज फिटायला अनेकदा इतकी वर्षे लागतात. चारातले एक घर कर्ज फिटण्याआधी पाण्यात जाणार असेल, तर त्याला 'क्वचित' म्हणावे का, हे तुम्हीच ठरवा.

रेषा आखतात कशी?

पहिली पायरी म्हणजे पावसाच्या आणि विसर्गाच्या जुन्या नोंदींवरून १ टक्का संभाव्यतेचा विसर्ग काढणे. दुसरी, दरीचे ठिकठिकाणचे आडवे छेद मोजणे. पूर्वी हे काम जमिनीवर साखळी-दुर्बीण घेऊन होई, आता विमानातून लेसर किरण सोडूनही मोजतात. तिसरी पायरी, तो विसर्ग त्या छेदांतून जाताना पाणी किती उंच चढेल याचे गणित. यात उताराबरोबर काठाचा खडबडीतपणाही धरावा लागतो, कारण गुळगुळीत पात्रापेक्षा गोटे आणि झुडपे असलेल्या पात्रात पाणी रेंगाळते आणि चढते. रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याचे या कामातले सूत्र एकोणिसाव्या शतकातले आहे. आज संगणक हा हिशेब करतो, पण सूत्र तेच.

या पातळ्या नकाशावर जोडल्या की पूरमैदानाची रेषा मिळते. मग तिचे दोन भाग पाडतात. मधला भाग, जिथून खोल आणि वेगवान पाणी जाते, तिला आपण 'पूरवाट' म्हणू. तिच्या दोन्ही बाजूंचा उथळ, संथ पाण्याचा पट्टा म्हणजे 'पूरकाठ'.

हे दोन भाग का पाडतात, ते नीट समजून घ्या. वर आपण ४० मीटर रुंद घळई घेतली होती. कोणी भराव टाकून, भिंती बांधून तिथे १० मीटर रुंदी अडवली आणि वेग तोच राहिला, तर तेच पाणी ३.७ ऐवजी ४.९ मीटर चढेल. हे वाढलेले पाणी केवळ त्याच्या अंगणात चढत नाही, शेजाऱ्याच्या घरातही शिरते. त्याने स्वतःचे घर उंच करून वाचवले, पण पूर शेजाऱ्याकडे ढकलला. म्हणून नियम असा की दोन्ही काठ पूर्ण बांधून काढले तरी पाण्याची पातळी ठरावीक मर्यादेपलीकडे चढू नये, एवढी मधली वाट मोकळी राहिलीच पाहिजे. देशभराच्या नियमात ही मर्यादा एक फूट आहे. कोलोरॅडो राज्याने ती अर्ध्या फुटावर आणली. पूरकाठावर घर बांधता येते, पण त्याची जमीन शंभर वर्षांच्या पुराच्या पातळीच्या वर घ्यावी लागते. पूरवाटेत मात्र पातळी मुळीच वाढणार नाही असे अभियंत्याने गणिताने दाखवल्याशिवाय काही करता येत नाही.

नकाशा तयार झाला म्हणजे लगेच कायदा होत नाही. लोकांना तो दाखवतात, हरकतींसाठी मुदत देतात, जाहीर सुनावणी होते आणि मग निवडून आलेले काउंटीचे आयुक्त तो मंजूर करतात. गणित रेषा सुचवते, पण रेषा मान्य करतात ती माणसेच.

ज्याचे घर रेषेच्या आत येते

इथपर्यंत सारे सोपे वाटते. पण ज्याच्या घरावरून ही रेषा जाते त्याचा विचार करा. आजोबांनी बांधलेले घर. चाळीस वर्षांत उंबऱ्याला पाणी लागलेले नाही. एके दिवशी पत्र येते की तुमचे घर पूरवाटेत आहे. घराची किंमत उतरते, विमा महागतो, वाढीव खोली बांधता येत नाही. आपण काहीच चूक केली नसताना ही शिक्षा का, असे त्याला वाटले तर त्याला हसू नका. त्याची तक्रार खरी आहे.

लॅरिमर काउंटीने १९७६ नंतर असे ठरवले की पूरवाटेत ज्या घरांची निम्म्याहून अधिक हानी झाली आहे ती तिथे पुन्हा उभी करू द्यायची नाहीत. अशा बऱ्याच जागा सरकारी पैशाने विकत घेतल्या गेल्या आणि त्यांतल्या काहींवर आज नदीकाठची उद्याने आहेत. २०१३ च्या पुरानंतर बोल्डर काउंटीतही असेच झाले: ज्यांची इच्छा होती त्यांची घरे पुराआधीच्या किमतीला घेतली आणि ती जमीन कायमची मोकळी ठेवली. नियम कडक असायला हरकत नाही. पण त्याचा सारा बोजा एका कुटुंबावर पडता कामा नये. सर्वांच्या सुरक्षिततेसाठी एखाद्याने घर सोडायचे, तर त्याची किंमतही सर्वांनी मिळून द्यावी.

२०१३ ची परीक्षा

बोल्डर शहरात १९७० पासून गिल्बर्ट व्हाइट हे भूगोलाचे प्राध्यापक राहत होते. पूर निसर्ग आणतो, पण पुराची हानी मुख्यतः माणसाच्या कृतीतून होते, हा त्यांचा विचार १९४५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला होता. नुसते बांध घालण्यापेक्षा जमीन कशी वापरायची हे ठरवा, असा त्यांचा आग्रह असे. शहराने अनेक वर्षे खपून बोल्डर क्रीक या ओढ्याचा काठ बराच मोकळा केला आणि तिथे बागा व सायकलींचा रस्ता केला.

सप्टेंबर २०१३ मध्ये परीक्षा झाली. १२ सप्टेंबरच्या एका दिवसात बोल्डरमध्ये २३० मिलिमीटर पाऊस पडला. आठवड्याभरात सुमारे ४३० मिलिमीटर, जेव्हा तिथली वर्षाची सरासरीच सव्वापाचशेच्या आसपास आहे. एवढा पाऊस पडण्याची संभाव्यता हवामान खात्याच्या हिशेबाने हजारात एक होती. ओढ्याचा पूर मात्र शंभर वर्षांच्या पुराहून लहानच निघाला. पावसाची दुर्मिळता आणि पुराची दुर्मिळता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवा. बागा बुडाल्या, सायकलींचा रस्ता बुडाला. पण त्यासाठीच तर तो काठ मोकळा ठेवला होता! सबंध राज्यात सुमारे दहा माणसे दगावली. १९७६ मध्ये एकाच घळईत १४४ गेली होती. दोन्ही पूर अगदी सारखे नव्हते, सूचना देण्याची साधनेही मधल्या काळात सुधारली होती. पण मोकळ्या काठाचा यात वाटा होताच.

तरी नकाशा पूर्णपणे उत्तीर्ण झाला असे म्हणता येत नाही. रेषेबाहेरच्या अनेक घरांचेही नुकसान झाले. डोंगरातल्या जेम्सटाउन, लायन्स अशा गावांतून ओढ्यांनी काठ खरवडले आणि वाटाच बदलल्या. काही घरांत पाणी शिरले नाही. त्यांच्याखालची जमीनच वाहून गेली. पाणी किती उंच चढेल हे नकाशा सांगत होता, ओढा कोठे सरकेल हे सांगत नव्हता. म्हणून कोलोरॅडोत आता पुराच्या रेषेबरोबरच, नदी जिथवर आपली वाट बदलू शकते त्या पट्ट्याचेही नकाशे काढण्याची पद्धत सुरू झाली आहे. जुने पूरनकाशेही टप्प्याटप्प्याने नव्याने केले गेले.

रेषा पुन्हा पुन्हा तपासावीच लागते. डोंगरावरचे जंगल जळाले की पाणी शोषले जात नाही. बोल्डर काउंटीत २०१० मध्ये फोरमाइल घळईत असा मोठा वणवा झाला होता. शिवाय हवा १ अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. पिशवीत तांबडी गोटी एकच राहील, याची हमी आता कोणी देऊ शकत नाही.

आपल्याकडे

तुमच्या गावात किंवा शहरात 'निळी रेषा' आणि 'लाल रेषा' हे शब्द तुम्ही ऐकले असतील. महाराष्ट्रात निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर परवानगी. कल्पना तीच: मधे नदीची वाट, बाजूला सावधगिरीचा पट्टा. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा सह्याद्रीच्या आखूड, उतरत्या नद्या किती झपाट्याने चढतात ते आपण पाहिले. तुमच्या शाळेची जागा या रेषांच्या आत आहे की बाहेर? शिक्षकांबरोबर जाऊन पालिकेच्या विकास आराखड्यात ती शोधा. भूगोलाचा याहून चांगला तास होणार नाही.

करून पाहा

पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची एक पन्हळ किंचित उतरती ठेवा आणि नळीने तिच्यात एकसारखे पाणी सोडा. मध्यावर पाण्याची खोली पट्टीने मोजा. आता त्याच्या थोडे खाली, पन्हळीची अर्धी रुंदी अडेल असा दगड ठेवा आणि पहिल्याच जागी खोली पुन्हा मोजा. पाणी दगडापाशी नव्हे, त्याच्या वरच्या अंगाला चढलेले दिसेल. दगड हे एकाचे घर आणि तुम्ही मोजले ते शेजाऱ्याचे अंगण.

बोल्डर क्रीकच्या काठी गिल्बर्ट व्हाइट यांच्या स्मरणार्थ एक खांब उभा आहे. निरनिराळ्या पुरांत पाणी कोठवर येईल त्याच्या खुणा त्यावर केल्या आहेत. खाली ओढा गुडघाभर पाण्याने खळखळत असतो आणि मुले काठावर खेळत असतात. मोठ्या पुराची खूण पाहायला त्यांना मान वर करावी लागते. ती खूण भीती घालण्यासाठी केलेली नाही. सपाटी मुळात कोणाची आहे, याची ती आठवण आहे. एवढी आठवण ठेवली तर नदीच्या शेजारी माणसाला राहता येते.